जुन्या शिलाई मशिनीची सुई कशी शोधावी: आमच्या गटाचा अनुभव

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने गावात पडून असलेल्या पाच शिलाई मशिनी पुन्हा चालू केल्या. साफसफाई, तेल, पट्टा ही कामं अंदाजापेक्षा सोपी निघाली. अडलं ते सुईपाशी. कोणत्या मशीनला कोणती सुई लागते हे नीट सांगणारं कुणी भेटेना. दुकानदार मशीनचं नाव विचारत आणि आम्हाला तेच माहीत नसे. इतर गटांतल्या बायांची अशी दमछाक होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत कापसाची वेचणी आटोपली आणि गटाच्या बैठकीत शिलाईचा विषय निघाला. शाळा उघडायच्या आत गणवेश शिवून द्याल का, असं शाळा व्यवस्थापन समितीने विचारलं होतं. आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून हाताशी थोडा वेळ होता. शिवणाऱ्या बाया होत्या, पण मशिनी नव्हत्या. स्टँडसकट नवी पायमशीन सात-आठ हजारांच्या खाली येत नव्हती आणि गटाच्या शिलकीत एकीपुरतेही पैसे नव्हते. तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "घरोघरी मशिनी पडल्या हायत, त्या काहून नाही पाहत?"

कुणाची मशीन गटाने वापरायची तर लेखी हवं, असं सीआरपी ताईंनी (बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या) पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून बैठकीत ठराव घेतला: मशीन मालकिणीचीच राहील, दुरुस्तीचा खर्च गट करेल, वर्षभर गट वापरेल, आणि पंधराशेच्या वरचा कोणताही खर्च पक्क्या बिलाशिवाय मंजूर होणार नाही. प्रत्येकीकडून साध्या कागदावर संमतीपत्र लिहून घेतलं. त्यात मशीनचं वर्णन लिहायची वेळ आली तेव्हा अडचण कळली. पाचही मशिनी काळ्या. तिघींच्या पत्रांत "काळी जुनी मशीन" एवढंच होतं. उद्या अदलाबदल झाली तर भांडण नक्की. ताई म्हणाल्या, नंबर असेल तो लिहा. नंबर शोधायला आम्ही या कारणाने लागलो, आणि पुढे सुईचा पत्ताही त्याच नंबरने दिला.

मार्चच्या सुरुवातीला मशिनी आमच्या सपरीत आल्या. एक आजींची हातमशीन, एक टेलरकाकांची जड मशीन, एक निवृत्त सिस्टरबाईंची, एक जाऊबाईंची उषा, आणि एक जिच्यावरचं नाव पार पुसलं गेलं होतं ती.

आधी नंबर कसा शोधला ते सांगते. सिंगर मशीनवर तो सहसा पाटाच्या, म्हणजे खालच्या सपाट भागाच्या, उजव्या टोकाला, उभा खांब जिथे पाटाला मिळतो त्याच्याजवळ कोरलेला असतो. वर तेलाचा आणि धुळीचा थर घट्ट बसलेला असतो. आम्ही शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी जुन्या सुती कापडाने पुसलं. एक काळजी मात्र घ्या. सोनेरी नक्षीवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नका. त्या नक्षीवर लाखेचा मुलामा असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि सोबत नक्षीही निघून येते. रॉकेल आतल्या सुट्या भागांसाठी ठेवा. नंबर दिसला की बोटाने गिरवून वाचू नका, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो काढा. कोरलेले आकडे सावलीत स्पष्ट उठतात.

आजींच्या हातमशीनचा नंबर वाय अक्षराने सुरू होत होता. सिंगरने १९०० च्या सुमारास नंबरांच्या आधी अक्षरं द्यायला सुरुवात केली. नुसते आकडे असतील तर मशीन त्याआधीची. अक्षरावरून कारखाना कळतो. वाय म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना, आणि ही मालिका साधारण १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९३५ पर्यंत चालली. मॉडेलच्या आकड्यामागे जो 'के' लावतात तो याच कारखान्याचा, किलबोवी या तिथल्या भागाच्या नावावरून आलेला. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. सिंगरच्या नंबरांच्या याद्या आज नेटवर सहज मिळतात, पण त्यातली तारीख नंबरांचा गठ्ठा कारखान्याला दिल्याची असते. त्यामुळे नेमका दिवस धरून चालू नये, साधारण काळ धरावा.

आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माह्या सासूची होय ते. मी लगीन होऊन आली तवाबी ते जुनीच होती." नंबर रजिस्टरमध्ये लिहिताना त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. मला तो क्षण फार मोलाचा वाटला. इतकी वर्षं घरात असलेल्या वस्तूचं गाव आणि काळ त्यांना पहिल्यांदा कळत होता.

पण नंबर सगळं सांगत नाही. सिंगर ही कंपनी, तिची मॉडेलं शेकड्याने. त्यासाठी खालचं पाहावं लागतं. आजींच्या मशीनचे पुढचे पत्रे सरकवले तर आत लांबट, निमुळती शटल, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणारी डबी, निघाली आणि तिच्यात पेन्सिलीसारखी बारीक लांब बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ. ही शटल झुलत पुढे-मागे जाते. अशी शटल आणि लहान अंग म्हटलं की २८ किंवा १२८ नंबरची मशीन, आणि मोठं अंग असेल तर २७ किंवा १२७. बॉबिन भरायची चकती खाली पाटालगत असेल तर बहुधा २८, वर चाकाजवळ असेल तर बहुधा १२८. आजींची २८-के निघाली.

उषाची आणि बिननावाची मशीन खालून सारख्याच होत्या. डाव्या टोकाची पट्टी सरकवली की बोटांनी बॉबिन केस बाहेर येते, आतली गोल बॉबिन दोन्ही बाजूंनी सपाट. ही सिंगरच्या १५ नंबरच्या मशीनची बांधणी. जगभर तिच्या नकला झाल्या, आपल्याकडे लुधियानात तर शिलाई मशिनींचा मोठा धंदाच उभा राहिला. त्यामुळे नाव पुसलेल्या मशीनचं नाव शोधत बसायचं कारण नाही. बॉबिन आणि बॉबिन केस १५ च्या बांधणीची आहे एवढं कळलं तरी काम भागतं. बॉबिनच्या बाजू किंचित फुगीर असतील तर मात्र ती ६६ च्या घराण्यातली, आणि ती बॉबिन १५ मध्ये चालत नाही.

मार्चच्या मध्यात आर्वीला गेले. एसटीत बायांना अर्धं तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च फारसा जाणवला नाही. बसस्टँडजवळच्या मशीन मिस्त्रींकडे जाऊन "सिंगरची सुई द्या" म्हटलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "ताई, सिंगरची सुई अशी काही नसते. मशीन कोनती, चपटी सुई लागते का गोल, ते सांगा." मी मोबाइलमधले फोटो दाखवले आणि त्यांनी वेळ काढून मला जे समजावलं ते असं.

सुईच्या पाकिटावर दोन वेगळे नंबर असतात. एक मापाचा: ११, १४, १६, १८. हा जाडीचा आकडा, आणि टेलर लोक सहसा हाच बोलतात. त्याच्या शेजारी ७५, ९०, १००, ११० असेही आकडे छापलेले असतात. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर, म्हणजेच १४ नंबर. दुसरा नंबर जातीचा. सुईची लांबी, दांड्याची (मशीनमध्ये बसतो त्या वरच्या जाड भागाची) जाडी, डोळा कुठे, टोक केवढं, हे सगळं त्यावर ठरतं. घरगुती मशीनची सर्वसाधारण चपट्या दांड्याची सुई १५×१, तिलाच एचए×१ म्हणतात, आणि जर्मन पाकिटांवर १३०/७०५ असं लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. कारखान्यातल्या आणि टेलरकामाच्या अनेक मशिनींना गोल दांड्याची सुई लागते, त्यात दुकानात सर्वांत जास्त मिळते ती डीबी×१. माप चुकलं तर टाका वाईट येतो, जात चुकली तर मशीन बिघडते.

आता मजेची नव्हे, समाधानाची गोष्ट. आजींच्या नव्वदीला टेकलेल्या मशीनला तीच साधी १५×१ लागते, जी उषाला आणि बिननावाच्या मशीनला लागते. मिस्त्रींकडे ती भिंतीवर टांगलेली होती. दहा सुयांचं पाकीट सत्तर रुपये. मी १४ ची दोन आणि १६ चं एक घेतलं. मनातली केवढीतरी धास्ती तिथे उतरली. जुनी मशीन म्हणजे दुर्मीळ सुई असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो, आणि या भीतीनेच कितीतरी घरांतल्या चांगल्या मशिनी भंगारात गेल्या असतील. आजींच्या मशीनचं खरं दुर्मीळ काय, तर ती लांब बॉबिन आणि शटल. त्या जपा. हातमशीन भंगारवाल्याला देताना कुणी दिसलं तर निदान शटल आणि बॉबिना मागून घ्या.

टेलरकाकांची मशीन सिंगर ३१-के होती. काकांचं नजरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती झाकून ठेवलेली. त्यांनी स्वतःच सांगितलं की गोल दांड्याची लागते. डबीत त्यांनी जपलेल्या चार जुन्या सुया होत्या, त्यातली एक मी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती डीबी×१ शेजारी ठेवून पाहिली आणि नवी दिली. गोल दांडा बसवताना चपटी बाजू दिशा दाखवायला नसते, म्हणून अनेकींना सुई कशी फिरवून बसवायची ते कळत नाही. नियम एकच आहे आणि तो दोन्ही प्रकारांना लागू पडतो. सुईच्या एका अंगाला वरपासून डोळ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ही खाच हवी. तिच्या उलट अंगाला डोळ्याच्या जरा वर छोटा खोलगट भाग असतो, तो शटलच्या किंवा हुकाच्या टोकाकडे हवा, कारण तिथूनच हुक दोऱ्याचा फास उचलतो. चपट्या सुईत चपटी बाजू याच खोलगट अंगाला असते. नखाने खाच चाचपडून पाहा, अंधुक उजेडातही कळते.

गुढीपाडव्यापर्यंत चार मशिनी टाका घालू लागल्या. राहिली सिस्टरबाईंची, आणि तिच्यासाठी मे महिना उजाडला.

ही मशीन त्यांनी नागपुरात नोकरीला असताना घेतली होती, तीही दुसऱ्याची वापरलेली. दिसायला पाचांत सर्वांत नवी, साधा टाका आणि झिगझॅग दोन्ही करणारी. अंगावर छोट्या पट्टीवर ३०६-के असं स्वच्छ लिहिलेलं. ती १९५० च्या दशकातली. चपट्या दांड्याची सुई तिच्यात नीट बसते, म्हणून १५×१ लावून मी चाक हाताने, आपल्याकडे सावकाश फिरवलं. हे प्रत्येक मशीनला करायचंच, पायाने किंवा मोटारीने चालवण्याआधी पूर्ण एक-दोन फेरे हाताने. सुई खाली गेली आणि आतून टक् असा बारीक आवाज आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तसाच. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, चालवू नका, घेऊन या.

त्यांनी पत्रा काढून दाखवलं. सुईचं टोक खाली हुकाला टेकत होतं. ३०६ ला वेगळी सुई लागते, २०६×१३. दांडा तसाच चपटा, दिसायला बहीणच, पण डोळ्याच्या खालचं टोक आखूड. शेजारी ठेवल्याशिवाय फरक डोळ्यांना दिसत नाही. थोडीफार जुळवाजुळव करून काही लोक १५×१ वर ही मशीन चालवतात, असं ते म्हणाले, पण त्यांना स्वतःला ते पसंत नव्हतं. हुकाचं टोक एकदा झिजलं किंवा खरवडलं तर टाके सुटायला लागतात, आणि ३०६ चा हुक आता आणायचा कुठून?

सिंगरच्या सुयांच्या नंबरांची रीतही मला तेव्हाच कळली. पहिला आकडा मशीनच्या वर्गाचा, दुसरा त्या वर्गातल्या प्रकाराचा. १५×१ ही १५ च्या मशीनसाठी निघाली आणि पुढे कितीतरी मॉडेलांनी तीच घेतली. २०६×१३ ही २०६ साठी निघाली आणि ३०६ ने ती घेतली. म्हणून मशीनचा नंबर आणि सुईचा नंबर जुळेलच असं नाही. मॉडेल कळल्यावरही सुईचा नंबर पुस्तिकेत वेगळा पाहावा लागतो. या पुस्तिका पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आमच्या गावच्या सीएससी केंद्रात (ऑनलाइन कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रात) सुईच्या पानाची झेरॉक्स दहा रुपयांत काढून दिली.

आर्वीत २०६×१३ नव्हती. अमरावतीला माहेरी गेले तेव्हा तिथेही फिरले. दोन ठिकाणी "ही घ्या, चालून जाईल" म्हणत १५×१ पुढे केली गेली. दोन्हीकडे मी पाकीट उलटून जातीचा नंबर वाचला आणि परत दिलं. दुकानात असं उभं राहून नाही म्हणायला आधी संकोच वाटायचा, पण हातात झेरॉक्स असली की बोलायला बळ येतं.

अक्षय तृतीया झाल्यावर, मे च्या पहिल्या आठवड्यात, सिस्टरबाई आणि मी नागपूरला गेलो. इतवारीत पोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि ऊन डोक्यावर. टॉवेल बांधून गल्ल्यांमधून विचारत फिरलो. माझ्या मनात सारखं येत होतं, की एका सुईसाठी आपण पासष्टीच्या बाईला या उन्हात आणलं. त्याच मात्र न थकता प्रत्येक दुकानात पुढे होत होत्या. एका जुन्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी झेरॉक्स पाहिली, आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक पिवळं पडलेलं पाकीट घेऊन आले. आत सहा सुया. त्यांनी एकेक सुई आरशावर आडवी ठेवून दाखवली. सुई आणि काच यांच्यातली फट दांड्यापासून टोकापर्यंत सारखी असेल तर सुई सरळ. मग टोक नखावरून हलकं ओढून पाहिलं, ओरखडा आला तर टोक मोडलेलं. जुन्या साठ्यातली सुई अशी तपासल्याशिवाय घेऊ नका, गंजाचा ठिपकाही दोरा तोडतो. सहापैकी चार चांगल्या निघाल्या. चारांचे त्यांनी साठ रुपये घेतले.

पक्क्या बिलाचा प्रश्न इथे आला. साठ रुपयांचं काय बिल, असं कुणालाही वाटेल, पण नागपूरचा प्रवास, ३०६ ची बॉबिन (हिची बॉबिनही वेगळी, १५ ची चालत नाही), नवा पट्टा आणि इतर मशिनींसाठी घेतलेलं सामान मिळून खर्च पंधराशेच्या वर गेला होता. मालकांनी गटाच्या नावाने, तारीख आणि सही-शिक्क्यासह बिल करून दिलं. त्यात सुईच्या नावापुढे जातीचा नंबर लिहायला लावा. पुढच्या वेळी तेच बिल दाखवून मागणी करता येते. आमच्या सचिवांनी ते चिकटवहीत लावलं आणि दोन सह्यांचा चेक पुढच्या बैठकीनंतर निघाला, तोवर पैसे मी घातले होते. गटाकडून पैसे मिळायला दोन-तीन आठवडे लागतात हे धरून चाला.

चार सुयांवर वर्ष निघणार नव्हतं. म्हणून २०६×१३ ची दोन पाकिटं मुंबईच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली. आमच्या पिनकोडला कुरियर येत नाही, तेव्हा पोस्टाने पाठवा असं आधीच कळवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाकीट शाखा डाकघरात आलं. टपालखर्चासह सातशे ऐंशी रुपये पडले. महाग आहेत, नाही म्हणत नाही, पण त्या मशीनवर काजं आणि झिगझॅग होतं, जे बाकी चारींवर होत नाही.

नवी सुई लावून सिस्टरबाईंनी स्वतः चाक फिरवलं. आवाज आला नाही. त्यांनी तरीही तीनदा फिरवून कान देऊन ऐकलं, मगच कापड खाली सरकवलं.

मापाचं थोडं सांगते, कारण बाया मला तेच जास्त विचारतात. गणवेशाच्या टेरीकॉटला १४ उत्तम चालली. ब्लाउजच्या रुबियाला ११ घ्या, १४ ने भोकं दिसतात. जीन्सला आणि पिशव्यांच्या जाड कापडाला १६. गोधडी शिवायची तर १८, आणि तीही टेलरकाकांच्या ३१-के वरच, आजींच्या हातमशीनला तेवढं ओझं देऊ नये. सुई बोथट झाली की कापडात शिरताना थपथप आवाज येतो आणि टाके सुटू लागतात. मशीन उघडून बसण्याआधी सुई बदलून पाहा.

आणि एक सोय आम्ही केली. मुलीच्या वहीतल्या आलेख कागदावर, मिलिमीटरच्या चौकटींवर, प्रत्येक मशीनची चांगली सुई सेलोटेपने चिकटवली. खाली मशीनचा नंबर, सुईची जात आणि दांडा चपटा की गोल हे लिहिलं. नवं पाकीट आलं की त्यातली एक सुई शेजारी ठेवून चौकटी मोजायच्या: दांड्याच्या वरच्या टोकापासून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यापासून खालच्या टोकापर्यंत. पाकिटावर काहीही छापलेलं असो, इथे जुळली तरच मशीनला लावायची. कागदाचा फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. दुकानातून फोन करायची वेळ आता येत नाही.

जूनच्या बैठकीत हिशोब मांडला: सुया, बॉबिना, पट्टे, तेल, मिस्त्रींची मजुरी आणि प्रवास मिळून चार हजार दोनशेच्या आसपास, पाच मशिनींसाठी. गणवेशाचं काम वेळेत दिलं. सुयांसाठी दरमहा दीडशे रुपये वेगळे ठेवायचा ठराव झाला, आणि २०६×१३ चा हिशोब सिस्टरबाईंकडे. बिननावाच्या मशीनचं कुळ अजून लागलेलं नाही. तिच्या पाटावर नंबर आहे पण अक्षर नाही, आणि सिंगरच्या यादीत ती बसत नाही. रजिस्टरमध्ये तिच्यापुढे आम्ही लिहिलं आहे: १५ ची बांधणी, सुई १५×१, चपटा दांडा, चालू.